जावेच्या कवटीतला पांढरा ठिपका

माझ्या धाकट्या जावेच्या कवटीच्या तळाशी काहीतरी सापडलंय असा दिरांचा कळवणहून फोन आला, तेव्हा मला काळजी वाटली नाही असं नाही. पण ती नंतर. आधी मनात आलं, हिचं दुखणंसुद्धा बघा, साधं म्हणून नाही. आम्हाला व्हायचं तर पित्ताचे खडे, जे आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांना झालेत. हिला झालं ते असं, की सांगताना दिरांची जीभ अडखळली आणि शेवटी ते म्हणाले, "वहिनी, नाव लय मोठं आहे. दादाला व्हॉट्सॲप करतो."

झालं होतं एवढंच, की शाळेतून घरी येताना तिची स्कूटी घसरली. ती कळवणजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. कोपर खरचटलं, कपाळाला टेंगूळ आलं. डोक्याला आतून मार बसलेला नको, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. मेंदू ठणठणीत होता. पण नाकाच्या मागे, खूप आत, जिथे कवटी मेंदूला खालून उचलून धरते, त्या हाडात एक तुकडा वेगळा दिसत होता. तो निरुपद्रवी असेल, किंवा नसेलही. नाशिकला नेऊन एमआरआय करा, असं त्यांनी सांगितलं.

नाशिकला म्हणजे माझ्याकडे. दुसरीकडे कुठे जाणार? आमचा सिडकोत छोटा फ्लॅट आहे. एका खोलीत मी ब्लाउज शिवते. ती खोली रिकामी झाली, मशीन गॅलरीत गेलं आणि माझ्या अंथरुणावर जाऊबाई विराजमान झाल्या. बरोबर सासूबाई होत्याच. त्या धाकटीकडे असतात. कळवणची हवा चांगली, असं त्या सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हीच हवा त्यांना मानवत नव्हती आणि त्या आमच्याकडे राहत होत्या. धाकटी आली आणि हवा सुधारली.

आता ती कशी आहे ते सांगते, म्हणजे मी उगाच जळते असं कुणाला वाटायला नको. ती गोरी आहे. तिला नोकरी आहे. ती हळू बोलते आणि समोरच्याचं ऐकून घेते. तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन माझा स्वतःचा नवरा, ज्यानं माझ्या स्वयंपाकाला आजवर 'बरं झालंय' याच्या पुढे नेलेलं नाही, तो बोटं चाटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याशी चांगली वागते. तिचे सगळे ब्लाउज मीच शिवते, आणि दर वेळी ती म्हणते, "ताई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." तिनं एकदा जरी खडूस उत्तर दिलं असतं, तरी माझं निम्मं आयुष्य सोपं झालं असतं.

तर ती आली आणि घराचं हॉस्पिटल झालं. सासूबाई पहाटे उठून तिच्यासाठी नागलीची पेज करायला लागल्या. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्याच बाईंनी टाके निघायच्या आत मला विचारलं होतं, "पोळ्या लाटता येतील ना आता बसून?" मी बसून लाटल्या. आमचे हे तर डॉक्टरच झाले. सकाळी चहा पिताना मोबाईल नाकाला लावून मला सांगतात, "अगं, ते हाड वटवाघळानं पंख पसरावेत तसं असतं. कवटीच्या बरोबर मधोमध. त्याच्या बाजूनं डोळ्यांच्या नसा जातात." माझं ऑपरेशन झालं तेव्हा पित्ताशय उजवीकडे असतं की डावीकडे, हे ह्या माणसाला डॉक्टरांना विचारावं लागलं होतं. मी चहाचे कप उचलले आणि म्हटलं, "वटवाघूळ राहू द्या, दूध संपलंय, आणा."

एमआरआयला तिच्याबरोबर मी आणि सासूबाई गेलो. सेंटरवर एक नर्सबाई होत्या. त्यांनी अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, केसातल्या पिना. आतलं यंत्र म्हणजे भलं मोठं लोहचुंबक, धातू चालत नाही. गळा मोकळा नको म्हणून सासूबाईंनी पिशवीतून हळद लावलेला दोरा काढला आणि तिच्या गळ्यात बांधला. त्या सगळी तयारी करून आल्या होत्या. दागिने माझ्या ओंजळीत आले. मी ते रुमालात बांधून मांडीवर धरून बसले, जशी काही मी त्यांची तिजोरी.

मग नर्सबाई म्हणाल्या, "नाकातली चमकी पण काढा."

ह्या चमकीबद्दल सांगायला हवं. ती सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेली, सोन्याची, मधे पांढरा खडा. मी थोरली सून. रीतीनं ती माझ्या नाकात यायला हवी होती. माझ्या लग्नात मला सराफ बाजारातून नवी आणली, मोहरीएवढी, बिनखड्याची. मला वाटलं, जुनी चमकी सासूबाई स्वतःसाठी ठेवतायत. म्हटलं ठीक आहे. मग धाकटी आली, आणि लक्ष्मीपूजनाला बघते तर ती तिच्या नाकात. "तिच्या नाकाला शोभते," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे माझ्या नाकाला शोभली नसती. तेव्हापासून तिच्याशी बोलताना मी तिच्या डोळ्यांकडे न बघता त्या खड्याकडे बघते. तिला वाटत असेल मला चष्मा लागलाय.

जावेनं तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "सोन्याची हाय ती. माझ्या आईची. सोनं कुठं चुंबकाला चिकटतं?"

नर्सबाईंनी जावेकडे बघितलं. "सोन्याचीच आहे ना नक्की?"

जाऊ सासूबाईंकडे बघत म्हणाली, "हो, सोन्याचीच. फिरकी अडकलीय, निघत नाही."

तसं असेल तर चालेल म्हणून त्यांनी वरून चिकटपट्टी लावली आणि तिला आत नेलं. बाहेर आम्हाला त्या यंत्राचा धडधडाट ऐकू येत होता. सासूबाई तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होत्या. जाऊ बाहेर आली ती नाक हातात धरून, डोळ्यांत पाणी. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, आवाज फार होतो." मला वाटलं, नखरे. सासूबाईंनी तिला पदराखाली घेतलं आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी दिरांना आणि आमच्या ह्यांना बोलावून समजावलं. घरी येऊन ह्यांनी ते आम्हाला समजावलं, हातात सुपारी नि अडकित्ता घेऊन. हाडातला तो तुकडा एका प्रकारच्या फोटोत पांढरा शुभ्र दिसतो. पांढरी चरबीही दिसते, आणि साठून दाट झालेलं पाणी किंवा जुनं रक्तही. चरबी असेल तर जन्मापासूनची, निरुपद्रवी, आयुष्यभर विसरून जायची. दुसरं काही असेल तर गोष्ट वेगळी. हे ओळखायला दुसऱ्या प्रकारचे फोटो काढतात. त्यात चरबी मुद्दाम काळी करून टाकतात. ठिपका काळा झाला की सुटलो. पण हे दुसरे फोटोच नेमके बिघडले होते. चेहऱ्यात कुठेतरी धातू आहे, त्यानं आतलं चित्र विस्कटलं. धातू काढता आला तर काढून पुन्हा या, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

"दाढेत चांदी भरलीय ना हिच्या," दीर म्हणाले.

झालं. सगळ्यांना पटलं. हिच्या दाढेत शाळेत असताना भरलेली चांदी होतीच. आता चांदीसाठी चांगली दाढ कोण उपटणार? हे घेऊन सगळे नाक-कान-घशाच्या सर्जनकडे गेले. त्यांनीही चमकीकडे बोट दाखवून विचारलं म्हणे, आणि सासूबाईंनी त्यांनाही आपल्या आईपासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, चित्रावरून कळत नसेल तर नाकातून दुर्बीण घालून मागच्या हाडातला तुकडा काढून तपासावा लागेल. अवघड जागा आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. एका बाजूला मेंदूला रक्त नेणारी मोठी नस, वरती डोळ्यांच्या नसा. हे काम ते नेहमी करतात, पण धोका नाही असं म्हणणार नाहीत.

पुढच्या आठवड्यातली तारीख ठरली. सासूबाई दिरांना घेऊन गडावर नवस बोलायला निघाल्या. ह्यांनी ऑफिसातून रजा काढून ठेवली. माझ्या ऑपरेशनला ह्यांनी अर्धा दिवस काढला होता, तोही जेवणानंतरचा. मला राग आला, तो मी कणकेवर काढला.

सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला की तुम्ही दिलेली सीडी आमच्याकडे चालत नाही, पेनड्राइव्हवर फोटो आणून द्या. घरात मीच मोकळी, कारण ब्लाउज शिवणं हे आमच्या घरात काम धरत नाहीत. मी सेंटरवर गेले. फोटो कॉपी होत होते, तेवढ्यात त्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, केस पिकलेले, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांनी विचारलं, "पुन्हा का नाही आलात? धातू काढा म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "दाढेतली चांदी कशी काढणार?"

"दाढ?" त्यांनी मला सरळ आत बोलावलं आणि स्क्रीनवर माझ्या जावेचं डोकं उघडलं. बाजूनं कापल्यासारखं. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं करड्या रंगात. खोटं नाही बोलणार, मनात पहिलं आलं ते हेच, की मेली आतूनसुद्धा देखणी आहे. पण नाकाच्या जागी नाक नव्हतंच. तिथे एक काळं भोक होतं, सांडलेल्या शाईसारखं, आणि त्याच्या भोवतीचं सगळं वाकडं ओढलेलं. दाढांचा भाग मात्र बराचसा धड होता.

"दाढ इथे आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोंधळ नाकात आहे. काय आहे त्यांच्या नाकात?"

"चमकी. सोन्याची."

"सोनं एवढं करत नाही. हे लोखंड आहे, निदान तिची फिरकी तरी."

माझ्या अंगातून जी काही लहर गेली, ती आनंदाची होती, दुसरं नाव नाही तिला. खोटी. इतकी वर्षं मी ज्या खड्याकडे बघून जळले, तो खोटा. आणि ही गुणाची बाहुली सासूच्या समोर, नर्सच्या समोर तोंड वर करून सांगते, सोन्याची आहे. मला वाटलं आत्ताच्या आत्ता गडावर फोन लावावा आणि सासूबाईंना म्हणावं, घ्या, तुमच्या आईची चमकी.

"ती काढली तर कळेल का?" मी विचारलं.

"तेच तर सांगतेय. ती काढा, मी तेवढेच फोटो पुन्हा घेते. बरोबर त्या हाडाचा बारीक सीटी पण करू. मला तर ही चरबीच वाटते आहे. पण वाटतं म्हणून लिहिता येत नाही. आणि चरबी असेल तर त्या बाईंना टेबलावर घ्यायची काहीच गरज नाही."

रिक्षात बसले तेव्हा आनंद टिकला नव्हता. पुढच्या आठवड्यात हिच्या नाकातून आत हत्यारं जाणार होती, डोळ्यांच्या नसांच्या शेजारी. कशासाठी, तर एका खोट्या चमकीसाठी. ही बया गप्प बसून होती. माझा संताप संताप झाला. हिला शाळेत मुलं शिकवायला पगार देतात.

घरी ती एकटीच होती, गॅलरीत माझ्या मशीनजवळ कपडे वाळत घालत होती. मी पेनड्राइव्ह तिच्या समोर धरला. "तुझं नाक बघून आले आतून. चमकी कुठेय आईंची?"

तिनं ओला टॉवेल तसाच छातीशी धरला. मग खाली बसली. गेल्या वर्षी थंडीत तिला सर्दी झाली होती. शाळेत बेसिनपाशी जोरात शिंक आली, चमकी सुटली आणि नळाच्या पाण्याबरोबर गेली. तिनं पाइप खोलून घेतला, शाळेच्या मागची नाली स्वतः काठीनं ढवळली, मिळाली नाही. नाशिकला ट्रेनिंगला आली होती तेव्हा मेन रोडवर खोट्या दागिन्यांच्या दुकानातून हुबेहूब तशी घेतली. ती गंजली, फिरकी बसली घट्ट. सासूबाईंना काय सांगणार? त्या रोज सकाळी तिचं तोंड बघून म्हणतात, माझी आई दिसली.

"यंत्रात गेलीस तेव्हा काही झालं नाही तुला?"

"ओढलं ना, ताई. गरम पण लागलं. मी डोळे मिटून पडून राहिले."

"आणि आता डोक्यात दुर्बीण घालणार आहेत, ते?"

ती रडायला लागली. "मला वाटलं दाढच असेल. सगळे दाढ म्हणत होते. मला काही झालं तरी चालेल, पण आईंना हे कळायला नको."

"तुला काही झालं तर त्या माझ्याकडे येतील राहायला," मी म्हटलं. "माझा विचार कर जरा. ऊठ."

मोरीत तिला पाटावर बसवलं. खोबरेल तेल लावलं, वाट बघितली, फिरकी जागची हलेना. मग मी ह्यांची पक्कड आणली. ती म्हणाली, "ताई, हळू." मी हळूच करत होते, पण फार हळू नाही. किती वर्षांचं हातात आलं होतं. एका हातानं तिची हनुवटी घट्ट धरली, नाकपुडीत बोट घालून फिरकी पक्कडीत पकडली आणि दाबली. कट्ट आवाज आला. थोडं रक्त आलं, मी हळद लावली. ती चमकी तळहातावर घेऊन बघितली तर खडा म्हणजे काच, मागे गंजानं लाल झालेली तार. ही बघून मी रात्रीच्या रात्री कुढले होते. मोरीतच हसायला आलं मला. तीही नाक दाबून हसली, आणि मला तेही आवडलं नाही, कारण हसताना ती अजून चांगली दिसते.

दिरांना फोन करून सांगितलं, सेंटरवाल्यांनी तपासायला परत बोलावलंय, मी नेते. तिला नेलं. ह्या वेळी धडधडाट चालू असताना मी एकटीच बाहेर होते. माझ्याकडे देवीचं नाव घेणारं कुणी नव्हतं, मग मीच घेतलं. हेही सांगते, की मी देवीला असं म्हटलं नाही की हिला माझ्याइतकंच साधं काहीतरी असू दे. मनात आलं होतं. पण म्हटलं नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत घेतलं. आधी पहिला फोटो. मधोमध, वटवाघळाच्या अंगाच्या जागी, करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका. "आता हे बघा," त्या म्हणाल्या. दुसरा फोटो आला. नाक जागेवर होतं, सुबक. आणि ठिपका काळा होता. मी स्क्रीनला नाक लावून बघितलं. काळाच. पहिल्या फोटोत पांढरा, ह्यात काळा.

जावेनं माझा दंड पकडला होता, नखं रुतली होती.

मग बारीक सीटी दाखवला. त्यात हाड पांढरं, आणि त्या तुकड्याची कड इतकी नीट, जशी बाही दुमडून टीप मारावी. आत दोन-तीन बारीक वळणदार रेघा. भोवतीचं हाड कुठे फुगलेलं नाही, खाल्लेलं नाही. डॉक्टरबाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. लहानपणी ह्या हाडात हवेची पोकळी तयार होते. त्याची तयारी म्हणून आधी आतला मगज बदलून चरबी होते, मग हवा भरते. हिच्यात तयारी झाली आणि हवा काही भरलीच नाही. काम मधेच थांबलं. ते तसंच राहिलं, आणि तसंच राहणार. कुणाला दुखत नाही, वाढत नाही. कितीतरी जणांना असतं आणि मरेपर्यंत कळत नाही. स्कूटी घसरली नसती तर हिलाही कळलं नसतं.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ह्याला सुईसुद्धा लावायची नाही. सर्जनना मी स्वतः फोन करते."

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. ती मधेच हसत होती, मधेच डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, रस पी, बर्फ वितळतोय. मला बरं वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण माझ्या पित्ताच्या खड्यांसाठी कुणी माझ्याबरोबर उसाचा रस प्यायला बसलं नव्हतं, हेही आठवत होतं. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

संध्याकाळी सासूबाई आणि दीर गडावरून परतले. ह्यांनी दारातच बातमी सांगितली, ऑपरेशन नाही, काहीच नाही, जन्मापासूनचं आहे. सासूबाईंनी तिथेच जमिनीला डोकं टेकलं. देवीनं ऐकलं म्हणाल्या. दीर तोंड फिरवून रडले. आमचे हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, ते चरबीचं असणार." मी आत पुरणाचं बघत होते. डॉक्टरबाईंचं नाव कुणी घेतलं नाही, माझं तर सोडाच. माझं नाव घ्यायचं तर चमकीचं निघणार, म्हणून मी गप्प होते. श्रेय देवीला गेलं, काही हरकत नाही. पण ह्यांनाही गेलं.

पानं घेतली. सगळे बसले. सासूबाईंनी धाकटीला शेजारी बसवून घेतलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळे भरून बघितला. मग त्यांचे हात तसेच राहिले.

"चमकी कुठाय गं?"

आनंदाच्या भरात आम्ही दोघी विसरलोच होतो. जावेचा चेहरा पुरणासारखा पिवळा पडला. ती बोलणार होती, ओठ हललेले मी बघितले. ह्याच क्षणाची मी किती दिवाळ्या वाट बघितली होती. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं पोळीवर तूप वाढत राहायचं, बाकी तिचं तिनं केलं असतं.

"मी काढली," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे का आलं ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारून दमले. "डॉक्टरांनी काढायला सांगितली होती फोटोसाठी. मोरीत काढताना हातातून सटकली. गेली पाण्याबरोबर."

आमचे हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी हाड मोडून आले कुणाचं. दिरांनी मान खाली घातली. सासूबाईंनी धाकटीचा चेहरा सोडला आणि माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या आईची एवढी एकच खूण होती. तुला कधी तिचं बघवलंच नाय गं मोठे. लग्न झाल्यापासून बघते मी. एवढ्या जीवावरच्या दुखण्यातून उठली पोरगी, तरी तुला बघवलं नाय."

माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी जावेकडे बघितलं. ती बोलेल असं मला वाटलं होतं. ती पानाकडे बघत होती.

"नाहीच बघवत," मी म्हटलं.

तेव्हा ती रडायला लागली. हुंदके देऊन, खांदे हलवत, लहान पोरीसारखी. दीर उठले, हे उठले, सासूबाईंनी तिला कुशीत ओढून पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, "उगी, उगी, गेली तर गेली, तू आहेस ना," आणि तिच्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? पाणी आण तिला."

मी पाणी आणलं.